गळती कुठली, आणि गाडी बंद पडते ती नेमकी कधी?

वाचकाच्या पत्राचा सारांश: आठ महिन्यांपूर्वी मी चौदा वर्षे जुनी, सुमारे १,८०,००० किलोमीटर धावलेली, पेट्रोलवर चालणारी आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेली एसयूव्ही विकत घेतली. पहिला महिना बरा गेला. नंतर गाडी उभी राहते त्या जागी डाग दिसू लागले. पुढच्या बाजूला काळसर आणि मध्यभागी लालसर तपकिरी. अलीकडे वेग कमी करून थांबताना इंजिन थरथरते आणि कधी कधी बंद पडते. लगेच किल्ली फिरवली की बहुतेक वेळा चालू होते. (ब्रेक ऑइलही दोनदा वाढवावे लागले, पण चाकांपाशी कुठेच ओल दिसली नाही.) एका मेकॅनिकने इंजिनचे मागचे मेन सील गेले आहे आणि फ्यूएल पंपही बदलावा लागेल असे सांगितले. दुसऱ्याने गाडी पाच मिनिटे पाहिली आणि इंजिन संपले आहे, मिळेल त्या भावात विकून टाका, असा सल्ला दिला. घरातले म्हणतात की मी फसलो. दुरुस्तीत पैसे घालावेत की गाडी काढून टाकावी, हे मला ठरवता येत नाही.

नमस्कार,

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही कंसात लिहिले आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो. गाडी विकायची की ठेवायची हा प्रश्न चार दिवस थांबू शकतो. ब्रेक ऑइल कमी होते आहे आणि ते बाहेर कुठेच दिसत नाही, ही गोष्ट मात्र एक दिवसही थांबू शकत नाही. तिचा छडा लागेपर्यंत ही गाडी रस्त्यावर नेऊ नका, अशी माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे.

ब्रेकचे पॅड झिजतात तसे टाकीतले ऑइल थोडे खाली उतरते, हे खरे आहे, परंतु ही उतरण महिनोन्‌महिने चालणारी, अत्यंत संथ असते. काही महिन्यांत दोनदा ऑइल वाढवावे लागणे म्हणजे ते बंद यंत्रणेतून कुठेतरी बाहेर पडते आहे. चाकांजवळ, नळ्यांच्या जोडांवर आणि मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या भागाच्या, खाली ओल नसेल, तर एक जागा उरते जी बाहेरून दिसतच नाही: मास्टर सिलिंडरची मागची बाजू. मास्टर सिलिंडर ज्या मोठ्या, गोल, तव्यासारख्या डब्यावर बसवलेला असतो त्याला ब्रेक बूस्टर म्हणतात. सिलिंडरचे मागचे सील गेले की ऑइल जमिनीवर न ठिबकता या डब्यात उतरते आणि तिथेच साठत राहते.

आता हाच बूस्टर तुमच्या दुसऱ्या तक्रारीशी कसा जोडलेला आहे ते पाहा. पेट्रोल इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या मार्गात, जी ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, तयार होते ती एका जाड रबरी नळीने बूस्टरमध्ये आणलेली असते आणि आतल्या रबरी पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबातील फरकावर तुमच्या पायाला मदत मिळते. साठलेल्या ऑइलमुळे किंवा वयामुळे हा पडदा खराब झाला, फाटला, की पेडल दाबताच बाहेरची हवा त्या नळीतून थेट इंजिनात शिरते. इंजिनाच्या संगणकाने न मोजलेली ही हवा पेट्रोलचे प्रमाण बिघडवते. गाडी वेगात असताना इंजिन ते सोसून नेते, पण थांबण्याच्या बेतात, आयडलिंगच्या (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते फिरत राहते त्या अवस्थेच्या) जवळ, तेवढ्यानेही ते थरथरते आणि बंद पडते. तुम्ही वर्णन केलेला क्षण नेमका हाच आहे. तुमच्या गाडीत हेच झाले आहे असे मी इथे बसून म्हणू शकत नाही, परंतु तुमच्या पत्रातील दोन सुट्या वाटणाऱ्या गोष्टी एका भागापाशी येऊन भेटतात, आणि तो भाग पाहण्याची सूचना दोघांपैकी एकाही मेकॅनिकने केलेली नाही.

याची प्राथमिक चाचणी गाडी जागेवरून न हलवता करता येते. सपाट जागी, हँडब्रेक लावून आणि गिअर पार्कमध्ये ठेवून, इंजिन बंद असताना ब्रेकचे पेडल पाच-सहा वेळा दाबा. ते हळूहळू कडक होईल. ते तसेच दाबून धरा आणि इंजिन चालू करा. बूस्टर ठीक असेल तर पेडल पायाखाली थोडे खाली सरकते. सरकलेच नाही, तर मदत पोहोचत नाही असे समजावे. दुसरी चाचणी अशी की इंजिन आयडलिंगला असताना पेडल दाबून धरायचे, इंजिन बंद करायचे आणि अर्धा मिनिट पाय न हलवता थांबायचे. पेडल वर ढकलले जाऊ लागले तर व्हॅक्यूम टिकत नाही. तिसरी तुमच्या दृष्टीने सर्वांत बोलकी आहे: गाडी पार्कमध्ये, इंजिन चालू, आणि नुसते पेडल दाबायचे व सोडायचे. प्रत्येक वेळी इंजिनाचा आवाज उतरत असेल, फेऱ्यांचा काटा खाली जात असेल किंवा पायापाशी हवा ओढल्यासारखा सूंऽ आवाज येत असेल, तर दोष बूस्टरच्या बाजूला आहे. सोबत सायलेन्सरमधून पांढरा धूर निघत असेल, तर साठलेले ब्रेक ऑइल त्या नळीतून ओढले जाऊन इंजिनात जळत असण्याची शक्यता आहे. पुढचे काम गॅरेजचे आहे. मास्टर सिलिंडर धरून ठेवणारे नट सैल करून तो नळ्यांसकट किंचित पुढे सरकवला की त्याची मागची बाजू ओली आहे की कोरडी, हे थोड्या वेळात दिसते. ओली असेल तर सिलिंडर आणि बूस्टर दोन्ही बदलणे शहाणपणाचे. अशा वेळी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये, ओढून न्यावी.

समजा बूस्टर निर्दोष निघाला. तरीही थांबतानाच बंद पडणे हा धागा सोडू नका, कारण ऑटोमॅटिक गाडीत त्याचे आणखी एक ठळक कारण असते. वेग स्थिर असताना इंधन वाचावे म्हणून टॉर्क कन्व्हर्टरमधला (इंजिनाची ताकद ऑइलच्या माध्यमातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागातला) क्लच इंजिन आणि गिअरबॉक्स यांना घट्ट जोडतो आणि वेग उतरू लागला की सोडतो. त्याचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा खटका) किंवा व्हॉल्व्ह अडकला तर तो सुटत नाही. मॅन्युअल गाडी क्लच न दाबता थांबवली की जसा धक्का बसतो आणि इंजिन मरते, तसेच इथे घडते. दोन्ही कारणे ओळखण्याची एक साधी खूण आहे. गाडी पार्कमध्ये उभी असताना ब्रेक दाबला आणि इंजिन कचरले, तर संशय बूस्टरवर. उभ्या गाडीत काहीच होत नाही, चालत्या गाडीत मात्र थांबण्याच्या आधी गिअर न्यूट्रलमध्ये टाकला की बंद पडत नाही आणि ड्राइव्हमध्ये ठेवला की पडते, तर संशय कन्व्हर्टरवर. ही दुसरी चाचणी ब्रेक ठीक असल्याची खात्री झाल्यावरच, मोकळ्या जागी, सावकाश वेगात आणि शक्यतो मेकॅनिक शेजारी बसलेला असताना करा. गिअरबॉक्सचे ऑइल गळून पातळी उतरली असेल तर कन्व्हर्टरच्या क्लचचे वागणे बिघडू शकते, आणि तुमच्या गाडीखाली मध्यभागी लालसर डाग आहे, म्हणून ही शक्यताही बाजूला ठेवण्यासारखी नाही.

आता मागच्या मेन सीलविषयी. हे सील क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या टोकाला, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यात असते. ते बदलायचे म्हणजे बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो; सील स्वस्त असते, मजुरी महाग असते. म्हणूनच हे निदान स्वीकारण्यापूर्वी पुरावा मागायला हवा. ऑइल वरून खाली वाहते आणि धावत्या गाडीत वाऱ्याने मागे फेकले जाते. टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्यातून झिरपलेले ऑइल इंजिनाच्या पाठीवरून ओघळत त्याच सांध्यापाशी येऊन ठिबकते आणि खालून पाहणाऱ्याला मेन सील गेल्यासारखे दिसते. टॅपेट कव्हरचे पॅकिंग बदलणे हे त्या मानाने किरकोळ काम आहे. माझ्या एका जुन्या गाडीत मीही कधीकाळी हे निदान ऐकून गिअरबॉक्स उतरवू दिला होता. नवे सील बसले, आणि आठवड्याभरात डाग पुन्हा दिसू लागला, कारण गळती मुळात वरून होती. त्यानंतर इंजिन धुतल्याशिवाय मी गळतीचे कुठलेच निदान मान्य केलेले नाही.

तुमचे डाग पुढे आणि मध्ये आहेत. इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेल्या एसयूव्हीत मेन सीलची जागा इंजिनाच्या मागे, गिअरबॉक्सच्या तोंडाशी येते. तुमचा काळा डाग पुढे असेल तर तो टायमिंग कव्हर, क्रँकशाफ्टचे पुढचे सील, ऑइल फिल्टर किंवा टॅपेट कव्हर यांच्याकडे बोट दाखवतो. परंतु ‘पुढे’ म्हणजे नेमके कुठे हे पत्रातून कळत नाही, आणि ते कळण्याचा उपाय अगदी साधा आहे. रात्री गाडीखाली मोठा, स्वच्छ पुठ्ठा पसरा, त्यावर चारही चाकांच्या जागा आणि गाडीचे तोंड कुठे आहे ते पेनाने खुणावा आणि सकाळी पाहा. प्रत्येक थेंबाची जागा, रंग आणि आकार यांची त्यामुळे नोंद होते. उतारावर गाडी उभी असेल तर थेंब सरकतात, म्हणून जागा सपाट हवी.

रंगावर एकट्याने विश्वास ठेवू नका. डागाच्या रंगावरून द्रव ओळखण्याचा, वाचकांना पाठ असलेला तक्ता नव्या गाडीला लागू पडतो. जुन्या गाडीत सगळीच द्रव्ये तपकिरीकडे झुकतात. कूलंट हिरवा, नारिंगी, गुलाबी, निळा असा कोणत्याही रंगाचा असू शकतो, त्याचा कोणताही जागतिक नियम नाही. म्हणून स्पर्श आणि वास यांची जोड घ्यावी, तीही हातमोजे घालून. इंजिन ऑइल निसरडे असते आणि त्याला जळकट वास येतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल पातळ आणि मुळात लाल असते. जळल्यासारखा वास आला तर आतील क्लच तापले आहेत. डिफरन्शियलचे ऑइल दाट असते आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो, तो एकदा ओळखला की विसरत नाही. ब्रेक ऑइल पातळ, किंचित पिवळसर असते आणि रंगावर पडले तर रंग उठवते. कूलंटचा वास गोडसर असतो. त्यातील इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि गोड चवीमुळे जनावरे ते चाटतात, लहान मुलेही बोट लावतात. म्हणून त्याचा डाग दिसताच धुऊन टाकावा. निव्वळ पाणी ठिबकत असेल आणि एसी लावलेला असेल, तर ते हवेतील बाष्प आहे, त्याची काळजी नको. पेट्रोलचा वास आला तर मात्र पुढची कुठलीही चाचणी न करता, इंजिन चालू न करता गाडी तिथेच सोडून माणूस बोलवावा.

पुठ्ठ्याने जागा कळली की दुसरी पायरी म्हणजे इंजिनाची खालची बाजू आणि सांधे डिग्रीझरने स्वच्छ करणे. विजेचे कनेक्टर, अल्टरनेटर आणि हवेचे फिल्टर प्लास्टिकने झाकूनच हे करावे, आणि दाबाचे पाणी थेट मारू नये. नाहीतर नसलेला दोष निर्माण होतो. मग तीस-चाळीस किलोमीटर चालवून पाहायचे की ओल सर्वांत वर आणि सर्वांत पुढे कुठे सुरू होते. गळतीचे मूळ तिथे असते, जिथे थेंब पडतो तिथे नाही. तरीही न सापडल्यास गॅरेजमध्ये ऑइलमध्ये चमकणारा रंग मिसळून अतिनील दिव्याखाली पाहता येते. ही चाचणी मेन सील उघडण्याच्या खर्चाच्या तुलनेत काहीच नाही. ब्रेकचा निकाल लागल्यावरच ही धाव घ्यायची, हे वेगळे सांगायला नकोच.

गळती एका जागी नसून तीन-चार सांध्यांतून एकदम सुरू झाली असेल, तर सील बदलण्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह नावाचा छोटा भाग जरूर पाहा. सिलिंडरमधून थोडा वायू नेहमीच पिस्टनच्या बाजूने खाली क्रँककेसमध्ये उतरतो, आणि हा व्हॉल्व्ह तो परत इनटेकमध्ये नेऊन जाळतो. तो काजळीने बंद झाला की आत दाब साठतो आणि प्रत्येक कमकुवत पॅकिंगमधून ऑइल बाहेर ढकलले जाते. तोच व्हॉल्व्ह उघडा अडकला किंवा त्याची रबरी नळी चिरली, तर न मोजलेली हवा इंजिनात जाते आणि आयडलिंग ढासळते. गळती आणि बंद पडणे या दोन्हींच्या मुळाशी असू शकणारा हा आणखी एक भाग आहे आणि त्याची किंमत अगदी थोडी असते. इंजिन आयडलिंगला असताना ऑइल टाकायचे झाकण काढून तोंडावर जाड कागद धरला, तर निरोगी इंजिनात तो हलका ओढला जातो. कागद जोराने उडू लागला तर व्हॉल्व्ह बंद आहे किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. व्हॉल्व्ह बदलूनही उडत राहिला, तर कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमध्ये पुरेसा दाब तयार होतो का याची, चाचणी करून घ्यावी. ‘इंजिन संपले’ हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार त्या चाचणीनंतर येतो, पाच मिनिटे पाहून येत नाही.

लालसर डागाबाबत पहिल्यांदा गिअरबॉक्सच्या तळाचे पॅकिंग, रेडिएटरपर्यंत जाणाऱ्या कूलरच्या नळ्या आणि, फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर, ट्रान्सफर केसची (ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीची) सील पाहावीत. ऑइलची पातळी पाहण्याची पद्धत गाडीगणिक बदलते. कुठे इंजिन चालू आणि गरम असताना डिपस्टिकने, तर कुठे डिपस्टिकच नसते आणि ठराविक तापमानाला तळाचा बोल्ट उघडून पाहतात. म्हणून मॅन्युअल वाचल्याशिवाय त्यात ऑइल वाढवू नका. एक धोक्याची खूण मात्र लक्षात ठेवा: रेडिएटरच्या टाकीत किंवा गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये गुलाबी, दुधट फेस दिसला, तर रेडिएटरमधला कूलर फुटून पाणी आणि ऑइल एकमेकांत मिसळते आहे. अशा अवस्थेत गाडी चालवली तर गिअरबॉक्स थोड्याच दिवसांत निकामी होतो. रेडिएटरचे झाकण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडायचे. दाबाखालचे पाणी शंभर अंशांच्या वर तापलेले असते आणि झाकण सैल होताच उसळून अंगावर येते.

फ्यूएल पंपाच्या निदानाचे काय? पंप अशक्त झाला तर गाडी बहुधा चढावर, जोर लागताना किंवा वेग वाढवताना दम टाकते, कारण तेव्हा पेट्रोल जास्त लागते. थांबताना, जेव्हा सर्वांत कमी पेट्रोल लागते, तेव्हाच बंद पडणारी गाडी पंपाकडे प्रथम बोट दाखवत नाही. तरी अंदाजावर वाद घालण्याची गरज नाही. पेट्रोलच्या लाइनला प्रेशर गेज लावले की उत्तर मिळते. तुमच्या मेकॅनिकने ते लावले होते का, एवढेच विचारा.

चौदा वर्षे वयाच्या तुमच्या गाडीत डायग्नोस्टिक सॉकेट असण्याची पुष्कळ शक्यता आहे. त्यात स्कॅनर लावला की इंजिनाच्या संगणकाने साठवलेले दोष वाचता येतात. कोडचा अर्थ ‘हा भाग बदला’ असा नसतो, ‘या दिशेला पाहा’ असा असतो. उदाहरणार्थ पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त किंवा पेट्रोल कमी पडते आहे; एवढ्यावर कोणी ऑक्सिजन सेन्सर बदलला तर पैसे वाया जातात. त्यापेक्षा फ्यूएल ट्रिमचे, म्हणजे संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो त्याचे, आकडे पाहावेत. आयडलिंगला ट्रिम दहा टक्क्यांच्या बरीच वर असेल आणि इंजिन २,५०० फेऱ्यांवर नेल्यावर शून्याकडे उतरत असेल, तर कुठूनतरी फाजील हवा शिरते आहे: फाटलेली नळी, इनटेकचे पॅकिंग, पीसीव्ही किंवा बूस्टर. उलट जोर लावताना ट्रिम वाढत असेल, तर पेट्रोलचा पुरवठा अपुरा आहे. पी०७४० हा कोड टॉर्क कन्व्हर्टरच्या क्लचशी संबंधित असतो, तो तुमच्यासाठी विशेष महत्त्वाचा. ‘एकदा सगळे कोड पुसून पाहू’ असे कोणी म्हटले तर आधी ते लिहून घ्या, कारण दोष उमटला त्या क्षणीचे तापमान, वेग आणि फेऱ्या त्यांच्यासोबत साठवलेल्या असतात आणि पुसताना तेही जातात.

असेच पत्र लिहू शकणाऱ्या इतर वाचकांसाठी थोडे अधिक. गाडी बंद कशी पडते याकडे लक्ष द्या. गरम झाल्यावर, कोणतीही पूर्वसूचना न देता, दिवा मालवावा तशी बंद पडणे आणि वीस मिनिटे थंड झाल्यावर मुकाट चालू होणे, हे क्रँक सेन्सर (क्रँकशाफ्टच्या फेऱ्या मोजणारा भाग) बिघडल्याचे जुने लक्षण आहे. स्टार्टर फिरताना स्कॅनरवर इंजिनाच्या फेऱ्या शून्यच दिसल्या तर ते जवळजवळ निश्चित होते. वरून गळणारे ऑइल कधी या सेन्सरच्या कनेक्टरवर किंवा स्पार्क प्लगच्या खोबणीत उतरते आणि गळतीतूनच मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणे, उद्‌भवतो. थंडपणी आयडलिंगला मरणे आणि अॅक्सिलरेटर हलका दाबून धरला की न मरणे, यात बहुधा थ्रॉटल बॉडीतील (इंजिनात किती हवा जावी हे ठरवणाऱ्या भागातील) काजळी किंवा आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह कारणीभूत असतो. स्टीअरिंग पूर्ण वळवतानाच बंद पडत असेल, तर पॉवर स्टीअरिंगच्या पंपाचा भार इंजिनाला पेलत नाही, तेव्हाही हीच काजळी आधी पाहावी. इंजिनासोबत डॅशबोर्डचे सगळे दिवेही विझत असतील, तर इंजिनाकडे जाण्याआधी बॅटरीची टर्मिनल्स, बॉडीला जोडलेली अर्थची पट्टी आणि इग्निशन स्विच तपासावेत. २०१४ मध्ये जनरल मोटर्सने इग्निशन स्विचमधील अशाच दोषासाठी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. धक्क्याने किंवा जड जुडग्याच्या ओढीने किल्ली सरकून इंजिन बंद पडत असे आणि एअरबॅगही उघडत नसत. तेव्हा तुमच्या मॉडेलसाठी कंपनीने काही परतबोलावणी केली आहे का, हे चेसिस क्रमांक देऊन विचारा; तसे असेल तर दुरुस्ती विनामूल्य होण्याची शक्यता असते.

डिझेल गाडीचे गणित निराळे आहे. तिथे व्हॅक्यूम स्वतंत्र पंपाने तयार होतो, म्हणून बूस्टर फाटला तरी इंजिन सहसा बंद पडत नाही. ब्रेक मात्र जड होतो. अनेक डिझेल एसयूव्हींत हा पंप अल्टरनेटरच्या पाठीवर असतो आणि त्याला इंजिनातून ऑइल मिळते, त्यामुळे तिथले सील गळले की अल्टरनेटर ऑइलने माखतो आणि चार्जिंग बिघडते. डिझेल बंद पडते ते बहुधा तुंबलेल्या फिल्टरमुळे, त्यात साठलेल्या पाण्यामुळे किंवा लाइनमध्ये हवा शिरल्यामुळे. आणि ज्या चिरेतून डिझेल बाहेर झिरपत नाही त्या चिरेतूनही हवा आत ओढली जाऊ शकते, म्हणून कोरडी दिसणारी लाइन निर्दोष समजू नये.

चालत्या गाडीत इंजिन बंद पडले तर काय करायचे, हे घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा. स्टीअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात, निकामी होत नाहीत. बूस्टर धड असेल तर त्यात एक-दोन दाबांपुरती मदत शिल्लक असते, म्हणून पेडल पुन्हा पुन्हा न मारता एकदाच घट्ट आणि सलग दाबावे, दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरून गाडी कडेला घ्यावी, धोक्याचे दिवे लावावेत, आणि किल्ली बाहेर काढू नये, कारण तिने स्टीअरिंग लॉक होते. इंजिन परत चालू करायचे असेल तर गिअर न्यूट्रलमध्ये टाकून.

आता घरच्यांच्या म्हणण्याविषयी. तुम्ही फसलात का? मला तसे ठामपणे वाटत नाही. चौदा वर्षांत रबराची सील आणि नळ्या कडक होतात, आणि मालक बदलला की वापरही बदलतो. महिनाभर नीट चाललेली गाडी नंतर गळू लागणे हा विक्रेत्याच्या लबाडीचा पुरावा होत नाही. गाडी देण्यापूर्वी इंजिन चकचकीत धुतलेले होते का, हे मात्र आठवून पाहा. ती शंकेची जागा असते. परंतु या शोधाने दुरुस्ती एक पैशानेही स्वस्त होणार नाही आणि मनस्ताप तेवढा वाढेल.

विकणे किंवा ठेवणे हा निर्णय तीन गोष्टी कळल्यावर घ्या: कॉम्प्रेशन कसे आहे, गिअरबॉक्सचे ऑइल जळलेले आहे का, आणि चासीला गंज लागून ती कुजली आहे का. ही तिन्ही उत्तरे चांगली आली, तर पॅकिंग, नळ्या, व्हॉल्व्ह आणि ब्रेकचे काम ही जुन्या गाडीची नेहमीची देखभाल आहे, तिला इंजिनाचा अंत म्हणू नये. तिन्हींपैकी चासी कुजलेली निघाली तर मी एकही पैसा घालणार नाही. गिअरबॉक्स जळलेला असेल तर आधी त्याच्या दुरुस्तीचा लेखी अंदाज घ्या आणि तशाच वयाच्या चालू गाडीच्या किमतीशी ताडून पाहा. विकायचे ठरले, तर ब्रेकची गोष्ट घेणाऱ्याला स्पष्ट सांगा. ती लपवून दिलेली गाडी एखाद्याच्या जिवावर बेतू शकते. गळती थांबवणारी बाटलीतली औषधे टाकून वेळ काढण्याचा मोह टाळा. ऑइलमधली औषधे कडक झालेले सील काही काळ फुगवतात, रेडिएटरमधली औषधे हीटरच्या बारीक नळ्या तुंबवतात, आणि दोन्हींमुळे खरी जागा शोधणे अवघड होते.

गॅरेजमध्ये जाताना ‘मेन सील बदला’ किंवा ‘पंप बदला’ असे म्हणू नका, कारण मग ते तेवढेच करतील आणि त्यांची जबाबदारी तिथे संपेल. एका कागदावर लिहून न्या: इंजिन कधी बंद पडले, थंड की गरम, ब्रेकवर पाय होता का, गिअर कोणता होता, टाकीत पेट्रोल किती होते, लगेच चालू झाले का. सोबत पुठ्ठा न्या आणि कोणते द्रव किती तारखेला, किती किलोमीटरवर, किती वाढवले याची नोंद न्या. मग सांगा की आधी कारण शोधा, शोधण्याची मजुरी मी वेगळी देईन, आणि कोणत्या चाचणीवरून निष्कर्ष काढला ते बिलावर लिहा. दुरुस्ती क्रमाने होऊ द्या: ब्रेक, मग हवेची गळती आणि पीसीव्ही, मग आयडलिंग पुन्हा तपासणे, आणि सर्वांत शेवटी ऑइलचे उरलेले डाग. एका वेळी एकच भाग बदलला तर कोणत्या भागाने गुण आला हे कळते.

पेडलच्या तिन्ही चाचण्या आज संध्याकाळीच, गाडी जागेवर उभी असताना करा, आणि काय दिसले ते मला कळवा. पार्कमध्ये ब्रेक दाबल्यावर इंजिनाचा आवाज उतरला की नाही, एवढे एक वाक्य लिहिले तरी पुढचे पुष्कळसे सांगता येईल.